अकराव्या मजल्यावरचं दीपगृह

सिंगापूरला मी ज्या घरात पहिल्यांदा भाड्याने राहायला गेलो, त्या घराच्या मालकांनी मला बॅगसुद्धा खाली ठेवू दिली नाही. थेट हॉलच्या भिंतीपाशी नेलं. तिथे समुद्राचा एक जुना, पिवळा पडलेला नकाशा लाकडी पट्टीवर ताणून लावला होता. किनाऱ्यापासून जरा आत, पाण्यात, जांभळ्या शाईचा एक ठिपका होता. त्यावर बोट ठेवून ते म्हणाले, "हा आपला हॉल. तुझी खोली याच्या किंचित ईशान्येला. भरतीला इथे दोन वाव, म्हणजे दोन पुरुष खोल पाणी असायचं. पोहता येतं?"

मी खरं ते सांगितलं. मी मेहकरचा. आमच्या विहिरीला उन्हाळ्यात पाणी नसायचं आणि पावसाळ्यात आई जाऊ द्यायची नाही.

"हरकत नाही," ते म्हणाले, "सध्या आपण अकराव्या मजल्यावर आहोत."

मरीन परेडचा तो सगळा भाग समुद्रात भराव घालून केलेला आहे, हे मला नंतर कळलं. पहिली रात्र मात्र मी जरा सावधच झोपलो.

मी त्यांना काका म्हणायचो आणि त्यांच्या पत्नीला काकू. काका मूळचे देवगडचे. तरुणपणी मालवाहू जहाजांवर सेकंड ऑफिसर होते. लग्नानंतर काकूंनी "समुद्र किंवा मी" असं विचारल्यावर त्यांनी मधला मार्ग काढला आणि सिंगापुरात समुद्राचे नकाशे विकणाऱ्या दुकानात नोकरी धरली. समुद्राचा नकाशा छापला म्हणजे झाला, असं नसतं. दर आठवड्याला सूचना येतात. अमुक ठिकाणी जहाज बुडालंय, तमुक बोया, म्हणजे पाण्यावरची तरंगती खूण, सरकलाय. मग तेवढी दुरुस्ती नकाशावर हाताने, जांभळ्या शाईने, बारीक टोकाच्या पेनाने करायची. काकांनी आयुष्यभर तेच केलं. मी गेलो तेव्हा जहाजांवर कॉम्प्युटरचे पडदे आले होते आणि दुकान बंद झालं होतं, पण हात थांबला नव्हता. कुणाची लग्नपत्रिका आली की काका आधी मागचा हॉलचा नकाशा बघत आणि उत्तर दिशा दुरुस्त करून मगच काकूंच्या हातात देत. बसस्टॉपवरच्या नकाशाला तेवढा हात लावत नसत. सिंगापुरात सार्वजनिक भिंतीवर रेघ ओढली तर काय होतं ते त्यांना माहीत होतं. ते नुसत्या बोटाने, काचेला न टेकवता, हवेत दुरुस्ती करत. मागचे लोक बस सोडून त्यांच्याकडे बघत.

त्या धंद्यातला एक नियम त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवला. एखाद्या कप्तानाने कळवलं की इथे खडक दिसला, तर तो नकाशावर मांडायचा आणि शेजारी लिहायचं, "कळवलेला, खात्री नाही." मग शंभर वर्षं गेली तरी तो खोडायचा नाही आणि पक्काही करायचा नाही.

"का?" मी विचारलं.

"कारण कुणीतरी जाऊन बघितलेलं नसतं. गेल्याशिवाय खोडायचं नाही, गेल्याशिवाय पक्कं करायचं नाही. घरी बसून खात्री होत नसते."

हे वाक्य त्यांच्यावरच उलटणार होतं, पण ते पुढे.

घरात समुद्राचा कायदा लागू होता. समुद्रातून वर आलेल्या जमिनीचे काकांच्या मते तीन प्रकार. जिथे माणूस आपल्या बळावर राहू शकतो ते बेट. त्याला भोवतालचा मोठा समुद्र मिळतो. जिथे राहू शकत नाही तो खडक. त्याला थोडाच. आणि जो ओहोटीला दिसतो, भरतीला बुडतो, त्याला काहीच नाही. मी आलो तेव्हा मला कुकरसुद्धा लावता येत नव्हता. त्यामुळे मी तिसऱ्या प्रकारात होतो आणि मला फ्रिजमध्ये जागा नव्हती. पुढे मी वरणभात करायला शिकलो तेव्हा दरवाज्यातला एक कप्पा मिळाला. पिठलं जमलं त्या दिवशी काकांनी समारंभपूर्वक मधली फळी मोकळी केली आणि माझा हात हातात घेऊन म्हणाले, "अभिनंदन. तू बेट झालास." आमच्या घराण्यात पदवी घेणारा मी पहिला. पदवीदान समारंभातही मला इतकं भरून आलं नव्हतं.

माझ्या खोलीतून बाथरूमला जायला स्वयंपाकघरातूनच वाट होती. काकू स्वयंपाक करत असताना मला तिथून "निरुपद्रवी प्रवासाचा" हक्क होता. म्हणजे न थांबता, न रेंगाळता, सरळ जायचं. एकदा मी वाटेत पाणी प्यायला थांबलो तर काका हॉलमधून ओरडले, "थांबलास! निरुपद्रवी राहिला नाहीस!"

"अहो, पाणी पितोय तो," काकू म्हणाल्या.

"पिऊ दे. पण मग त्याने कळवायला हवं."

आवाज न करता गेलेलंही चालत नसे. दुसऱ्याच्या हद्दीतून जाताना पाणबुडीलासुद्धा वर येऊन आपला झेंडा दाखवावा लागतो. म्हणून मी प्रत्येक वेळी मोठ्याने म्हणायचो, "काका, मी." ऑफिसातही सवयीने म्हणू लागलो. चांगीच्या आमच्या ऑफिसात मी मीटिंग रूममध्ये शिरताना तोंडातल्या तोंडात काय पुटपुटतो, यावर बरीच चर्चा झाली.

पण खरा वाद घराबाहेर होता.

आमचं घर कॉरिडॉरच्या टोकाला. आमचं दार आणि शेजारच्या आंटींचं दार काटकोनात. मधे जो कोपरा उरतो तो साधारण एका सतरंजीएवढा. तो कुणाचाच नव्हता, म्हणजे सगळ्या बिल्डिंगचा होता. त्या कोपऱ्यात काकूंची तुळस होती. आणि त्याच कोपऱ्यात आंटींच्या वारलेल्या नवऱ्याची लाकडी खुर्ची होती. ते संध्याकाळी तिथे वाऱ्याला बसत. ते गेल्यावर खुर्ची तशीच राहिली. आंटींचं म्हणणं, कोपरा खुर्चीचा. काकांचं म्हणणं, तुळस आधी आली.

काकांचा मुख्य पुरावा म्हणजे दिवा. सिंगापूरच्या पूर्वेला समुद्रात एक खडक आहे, त्यावर दीपगृह आहे. तो खडक कुणाचा यावर दोन देश परदेशातल्या कोर्टात गेले आणि ज्याने दीपगृह वर्षानुवर्षं चालवलं त्याच्या पारड्यात निकाल पडला. काकांनी हा निकाल वाचला आणि त्यांना काकूंचा सांजदिवा दिसला. तेव्हापासून दिवा एक संध्याकाळही चुकता कामा नये असा हुकूम निघाला.

"मी तुळशीला दिवा लावते," काकू म्हणायच्या, "तुमच्या सार्वभौमत्वाला नाही."

"हेतू कुठलाही असो. प्रकाश पडला पाहिजे."

दुसरा पुरावा निषेध. समोरच्याने आगळीक केली आणि आपण गप्प बसलो तर ते मान्य केल्यासारखं होतं. म्हणून दर रविवारी नाश्ता झाला की काका इस्त्रीचा शर्ट घालून आंटींची बेल वाजवत.

"मॅडम, आय प्रोटेस्ट."

"आय ऑल्सो प्रोटेस्ट, अंकल," आंटी जाळीच्या दाराआडून म्हणायच्या. "यू ईट ऑलरेडी?"

"येस, थँक यू."

"वेट आह." मग त्या आत जाऊन हिरव्या रंगाच्या, नारळ लावलेल्या वड्यांची बशी घेऊन यायच्या. काका ती बशी कोपऱ्यावर पाऊल न ठेवता, हात लांब करून घेत आणि घरात आणून खात. कोपऱ्यात उभं राहून खाल्लं तर पाहुणचार घेतल्यासारखं होईल, म्हणजे कोपरा त्यांचा ठरेल. रिकामी बशी पुढच्या रविवारी निषेधाबरोबर परत जायची. बशी रिकामी पाठवायची नसते म्हणून काकू तिच्यावर चकल्या ठेवायच्या.

पुढे दक्षिण चिनी समुद्रातल्या खडकांबद्दल परदेशातल्या लवादाचा निकाल आला. काकांनी तो सबंध वाचला आणि दोन दिवस जेवले नाहीत. निकालात होतं की भराव घालून वाढवलेली जमीन मोजायची नाही आणि बाहेरून अन्नपाणी आणून जिथे माणसं ठेवावी लागतात ते बेट नव्हे. काकांनी तत्काळ कोपऱ्यात जाऊन तुळशीखाली स्वतःच बसवलेल्या चार फरश्या काढल्या. कायदा म्हणजे कायदा. आंटींना ही चाल वाटली. त्यांनी खुर्ची वीतभर पुढे सरकवली.

पण काकांची खरी काळजी वेगळी होती. तिसऱ्या दिवशी ते मला म्हणाले, "अरे, आपलं पाणी खाडीपलीकडच्या जोहोरहून येतं. भाजी मलेशियाची. तांदूळ थायलंडचा. वाळूसुद्धा बाहेरची. मग हा देश बेट आहे का?"

मी शाळेत भूगोलात पैकीच्या पैकी मार्क मिळवले होते, पण हा प्रश्न आम्हाला नव्हता.

"आधी आंघोळ करा," काकू आतून म्हणाल्या. "आलंय पाणी जोहोरहून."

या सगळ्याचा परिणाम असा की काका आणि काकू दोघं मिळून कधीच घराबाहेर पडत नसत. एकाने बेटावर राहायचंच, असा नियम. ताबा अखंड असला पाहिजे. ईस्ट कोस्टच्या किनाऱ्यावर फिरायलाही ते आलटून पालटून जात. काकांबरोबर जायची पाळी माझी असे. ओहोटीच्या वेळी ते मला पाण्याजवळ नेऊन उघडे पडलेले काळे दगड दाखवत. "हे आत्ता आहेत. संध्याकाळी दिसणार नाहीत. पण म्हणून नाहीत असं म्हणायचं नाही." समुद्र मी शाळेत निळ्या खडूचा बघितला होता. खऱ्या समुद्राशी माझी ओळख त्यांनी करून दिली, ती अशी.

त्यांची एकुलती एक मुलगी पुण्याला होती. तिचं लग्नही काकांनी सिंगापुरात लावायला लावलं होतं. मुलाकडची सगळी मंडळी विमानाने आली आणि कोपऱ्याला वळसा घालून घरात शिरली. आता ती बाळंत व्हायची होती. काकू दोन महिने आधी निघाल्या. दाराशी चपला घालताना म्हणाल्या, "चला म्हणून सांगितलं, ऐकलं नाहीत. मी जातेय. परत कधी यायचं ते तुम्ही तिकडे आल्यावर ठरवू."

"आणि मी नाही आलो तर?"

"तर ठरणार नाही."

काका हसले, पण लिफ्टचं दार बंद झाल्यावरही तिथेच उभे राहिले. त्या दिवसापासून दिवा तेच लावू लागले. वाती त्यांना वळता येत नसत. नकाशांच्या गुंडाळ्या बांधायच्या दोरीचे तुकडे तेलात बुडवून लावायचे. दीपगृह सबंध कॉरिडॉरभर धूर ओकायचं.

मग मुलगी झाल्याचं कळलं. फोनवर फोटो आला. काकांनी तो चष्मा लावून, चष्मा काढून, खिडकीशी नेऊन पाहिला. नंतर जांभळं पेन काढलं आणि हॉलमधल्या नकाशाच्या पश्चिमेच्या कडेला, रिकाम्या समासात, एक बारीक ठिपका काढला. शेजारी लिहिलं, "नात. कळवलेली, खात्री नाही."

मला ते फार चांगलं वाटलं म्हणून मी त्याचा फोटो काढून काकूंना पाठवला. संध्याकाळी मुलीचा फोन आला. काकांनी स्पीकर लावला.

"बाबा, खात्री नाही म्हणजे काय?"

"अगं, ती पद्धत आहे."

"माहितीये मला पद्धत. लहानपणापासून ऐकतेय. खात्री कशी करतात?"

काकांनी चष्मा पुसायला घेतला.

"बोला ना. कशी करतात?"

"जाऊन."

"मग या. मी हिला तिकडे आणणार नाही. तुम्ही आला नाहीत तर ती शंभर वर्षं तशीच राहील, तुमच्या त्या खडकासारखी. आई म्हणतेय, बारसं रविवारी आहे."

काकांनी फोन ठेवला आणि कोपऱ्यात जाऊन उभे राहिले. तुळशीकडे बघितलं, खुर्चीकडे बघितलं. जावं तर ताबा तुटतो. न जावं तर नात समासात राहते. समोरच्या जाळीआडून आंटी बघत होत्या. शेवटी आत येऊन त्यांनी मला विचारलं, "तुला दिवा लावता येईल?"

"येईल."

"आणि रविवारी निषेध?"

माझ्यासारख्या माणसावर कुणी इतका विश्वास टाकला नव्हता. मी हो म्हणालो. निघताना त्यांनी मला हॉलमध्ये उभं करून तो निषेध तीनदा म्हणवून घेतला. आवाज फार मऊ आहे म्हणाले.

ते गुरुवारी गेले, सोमवारी परतायचं या अटीवर. गुरुवारी आणि शुक्रवारी मी दिवा लावला. शनिवारी मला ऑफिसात जावं लागलं. संध्याकाळी परत आलो तर कोपरा रिकामा. तुळस नाही, खुर्ची नाही, फरशी धुऊन स्वच्छ. दाराला टाउन कौन्सिलचा कागद होता की आगीच्या वेळी वाट अडू नये म्हणून सगळ्या मजल्यांवरचे कॉरिडॉर मोकळे केले आहेत. भरती आली होती आणि दोन्ही देश बुडाले होते.

मी तिथेच फरशीवर बसलो. तेवढ्यात आंटींचं दार उघडलं.

"बॉय, व्हाय यू सिट देअर? फ्लोअर वेट, लाह."

त्यांच्या मागे, स्वयंपाकघराच्या खिडकीत, तुळस होती. कौन्सिलची माणसं वरच्या मजल्यावर आली तेव्हाच त्यांनी ती उचलून आत नेली होती. खुर्चीआधी तुळस नेली, कारण खुर्ची मेलेल्या माणसाची आहे आणि झाड जिवंत आहे, असं त्या म्हणाल्या. खुर्ची मागून आणली. ती आता हॉलमध्ये होती. कुंडीपुढे एका चिनी मातीच्या वाटीत ज्योत तेवत होती.

"आय डोन्ट नो व्हॉट ऑइल," त्या म्हणाल्या. "आय पुट सेसमी. कॅन ऑर नॉट?"

मी काकांना फोन लावला. पुण्यात तेव्हा दुपार कलत होती. मागे भांड्यांचा आणि बायकांचा आवाज येत होता, उद्याच्या बारशाची तयारी चाललेली. मी सगळं क्रमाने सांगितलं. मग पहिला प्रश्न आला, "दिवा चालू आहे?"

"चालू आहे काका. पण आंटींच्या घरात."

"लावला कुणी?"

"आंटींनीच."

"रात्रीचं विमान आहे," ते म्हणाले. "आत्ता निघालो तर सकाळी तिथे पोचतो. रविवार आहे. निषेध वेळेत नोंदवता येईल."

मागून काकूंचा आवाज आला, "कुणाचं विमान?" मग काहीतरी बारीक रडण्याचा आवाज, आणि काकू म्हणाल्या, "हिला धरा जरा, माझे हात तेलाचे आहेत."

फोन कुठेतरी ठेवला गेला. रडणं थांबलं. पंख्याचा आवाज येत राहिला. मी कोपऱ्याच्या ओल्या फरशीवर उभा राहून ऐकत होतो, आंटी जाळीच्या दाराशी उभ्या राहून माझ्याकडे बघत होत्या. खूप वेळाने काकांचा आवाज आला. ते हळू बोलत होते, कुणाला तरी जाग येईल म्हणून बोलावं तसं.

"आंटींना सांग, तिळाचं तेल चालतं."

"आणि ताबा, काका?"

"दीपगृह त्या आपल्या वतीने चालवताहेत असं धर."

"आणि उद्याचा निषेध?"

"तू कर. पण फार मोठ्याने करू नकोस."

दुसऱ्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घालून आंटींची बेल वाजवली आणि मऊ आवाजात निषेध केला. त्यांनी मला आत बोलावून नूडल्स खायला घातल्या.

काका सोमवारी आले नाहीत. त्यानंतरच्या सोमवारीही नाही. दोघं मिळून आले तेव्हा नात कुशीवर वळू लागली होती. आल्याबरोबर, बॅग हातात असतानाच, काकांनी पेन काढून नकाशाच्या समासातलं "कळवलेली, खात्री नाही" खोडलं आणि तिथे नुसतं नाव लिहिलं. मग ते कोपऱ्याकडे गेले.

आंटी तुळस परत द्यायला कुंडी उचलूनच उभ्या होत्या. काका दोन पावलं मागे सरले.

"नो, नो, मॅडम. आय कॅनॉट टेक."

"व्हाय? युवर प्लांट!"

परत घेतली तर ती त्यांच्याकडे होती हे मान्य केल्यासारखं होईल, असं काकांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. त्यापेक्षा ती आहे तिथेच असू दे. पण मग दीपगृह आपलं राहायला हवं, म्हणजे दिवा आपण लावायला हवा, म्हणजे रोज संध्याकाळी तिथे जायला हवं.

"मी नाही बाई," काकू म्हणाल्या. "तुमचं दीपगृह, तुम्ही जा."

तेव्हापासून दिवेलागणीला काका तेलाची वाटी घेऊन कोपरा ओलांडू लागले. इतकी वर्षं शेजारी राहून त्या उंबऱ्याच्या आत त्यांनी कधी पाऊल टाकलं नव्हतं. जाताना मला बजावून जात, "निरुपद्रवी प्रवास आहे. थांबणार नाही." आणि दाराशी मोठ्याने सांगत, "मॅडम, इट्स मी."

पहिल्या दिवशी ते लगेच आले. चौथ्या-पाचव्या दिवशी बराच वेळ झाला म्हणून काकूंनी मला बघायला पाठवलं. जाळीतून पाहिलं तर काका त्या लाकडी खुर्चीत बसले होते. हातात चहाचा कप होता, आणि आंटी काकांच्या फोनवर नातीचे फोटो एकेक करून पुढे सरकवत होत्या.

"दिस वन लुक लाइक यू," त्या म्हणत होत्या. "पुअर थिंग."

मी दाराशी उभा राहून म्हणालो, "काका, मी. निरुपद्रवी प्रवासात थांबता येत नाही ना?"

काकांनी कपातून एक घोट घेतला.

"इंजिन बिघडलं तर येतं," ते म्हणाले. "गुडघा दुखतोय. काकूला सांग, वेळ लागेल."